घंटाघरापाशी घड्याळाची हत्यारे

दिल्लीच्या लाल किल्ल्याकडे पाठ करून आपण पश्चिमेस चालू लागलात, म्हणजे चांदणी चौकाच्या मध्यावर, जुन्या नगरभवनाजवळ 'घंटाघर' लागते. नाव ऐकून मान वर कराल तर फसाल. १८७० च्या सुमारास उभारलेला तो मनोरा १९५० च्या सुमारास ढासळला. घड्याळ गेले, नाव तेवढे राहिले. सायकलरिक्षावाले आजही त्याच नावाने जागा ओळखतात.

मी तेथे गेलो तो वडिलांचे एच.एम.टी. 'जनता' घड्याळ खिशात घेऊन. सरकारी मालकीच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे मनगटी घड्याळांचा कारखाना काढला, आणि ही किल्लीची घड्याळे लग्नाच्या अहेरात घरोघरी पोहोचली. ती घड्याळ कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये संमती दिली. तेव्हा घरात आहे ते जपणे आले. चिरंजीवांच्या बारीक मनगटास ते बसावे, म्हणून मी पोलादी साखळीची एक कडी शिवणाच्या सुईने काढू गेलो. सुई आत मोडली आणि घड्याळाच्या कडेवर ओरखडा उमटला. आई काही बोलली नाही. तिने घड्याळ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवून दिले. तिची परवानगी मिळवून ते पुन्हा बाहेर काढण्यास मला दोन महिने लागले!

चौकालगतच्या एका गल्लीत सुटे भाग विकणाऱ्या वृद्ध घड्याळजींसमोर मी पंचवीस-तीस हत्यारांची चकचकीत पेटी उचलली. त्यांनी ती हातातून काढून घेतली आणि मला आधी पट्टी दिली. पट्टा जेथे अडकतो त्या दोन टोकांमधील अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे; ते बहुधा १८, २० किंवा २२ भरते. हे माप ठाऊक नसता पट्टा घेणे म्हणजे पाय न मोजता जोडा घेणे होय.

मग त्यांनी मोजकीच हत्यारे पुढे ठेवली. पट्ट्याची स्प्रिंगची दांडी दाबण्यासाठी एका टोकास बारीक दुबेळके असलेले हत्यार. साखळीच्या खिळी ढकलण्यासाठी बोथट टोकाची सुई, लहानशी हातोडी व साखळी उभी धरणारा ठोकळा. एक चिमटा आणि एक भिंग. साखळीस स्क्रू असतील तरच पेचकस घ्यावा, आणि त्याचे पाते स्क्रूच्या खाचेत नेमके बसणारे असावे. सैल पाते निसटते आणि खाच कायमची खराब होते. पेटीतल्या हत्यारांचे पोलाद मऊ असते, ती दोन वेळा वापरताच वाकतात, असे त्यांचे मत. वाकलेली एक सुई त्यांनी मला पुराव्यादाखल दाखविली.

कृतीही तेथेच शिकलो. कड्यांच्या आतल्या बाजूस बाण कोरलेला असतो. खीळ त्या दिशेने बाहेर ढकलावी आणि परत बसविताना उलट दिशेने घालावी. कड्या शक्यतो दोन्ही बाजूंनी सारख्याच काढाव्यात, म्हणजे कुलूप मनगटाखाली मधोमध राहते. घड्याळाच्या कडांवर चिकटपट्टी लावावी, आणि दांडी काढताना हात पारदर्शक पिशवीत ठेवावेत. ती उडाली तर केर काढतानाच सापडते, तीही सापडली तर! काढलेल्या कड्या डबीत जपाव्यात, कारण मुलांची मनगटे वाढतात.

देखभालीस फारसे काही लागत नाही. किल्ली रोज ठरल्या वेळी द्यावी आणि अडथळा जाणवताच थांबावे. दिल्लीच्या उन्हाळ्यात घाम व धूळ यांचा राप कड्यांत बसतो. साखळी घड्याळापासून सोडवून मऊ ब्रशने साबणपाण्यात धुवावी, पूर्ण वाळवावी आणि मगच जोडावी. मागचे झाकण मात्र उघडू नये. आतले तेल वाळते, यंत्र धुऊन पुन्हा तेल द्यावे लागते, आणि ते काम घड्याळजींचे.

मोडलेली सुई त्यांनी क्षणात काढली. ओरखड्यावर बोट फिरवून ते म्हणाले की घासून काढता येईल, पण धातूही थोडा जाईल. मी तो तसाच ठेवला. आपणांस जावयाचे असल्यास रविवार टाळावा. त्या दिवशी तेथील बहुतेक दुकाने बंद असतात.