विठाबाईंच्या गावाला

पिंपरी-चिंचवडला राहत असाल, तर नाशिक फाटा तुम्हाला ठाऊक असणारच. तिथून नाशिकचा रस्ता धरा. भोसरी, मोशी मागे पडतात, इंद्रायणीचा पूल येतो आणि मग थेट चाकणपर्यंत कारखानेच कारखाने, कंटेनरच्या रांगाच रांगा. (चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये छप्पन्न दिवस लढवला. आज चाकणचा चौक ओलांडायलाही तेवढेच दिवस लागतील की काय, असं वाटतं!) पण आपल्याला पुढे जायचंय. राजगुरुनगर, मंचर आणि मग नारायणगाव. टोमॅटोच्या बाजाराचं गाव, आणि तमाशाचंही.

विठाबाई नारायणगावकर इथल्याच. जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा तमाशाचा फड होता, त्यामुळे पायात चाळ लहानपणीच आले. नाचणं, गाणं आणि वगातला अभिनय, तिन्ही त्यांच्याकडे होतं. सिनेमातला तमाशा तुम्ही पाहिला असेल. तिथे नटीचं चुकलं, की पुन्हा ‘टेक’ घेता येतो. कनातीत तसं नसतं. समोर हजारो माणसं बसलेली, आणि खेळ रात्रभर.

विठाबाईंची एक आठवण आजही सांगतात. बाळंतपण अगदी जवळ आलेलं, तरी त्या उभ्या राहिल्या. खेळ बंद पडला, तर फडातल्या सगळ्यांच्या पोटाचं काय? मध्येच कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, बाळाला जन्म दिला, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या! लोकांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनीच खेळ थांबवायला लावला.

ही गोष्ट ऐकून आपण ‘वा!’ म्हणतो. मला मात्र दर वेळी वाटतं, त्या रात्री त्यांना सुट्टी का नव्हती? कारखान्यातल्या बाईला बाळंतपणाची भरपगारी रजा मिळते, तसा कायदाच आहे. फडातल्या बाईला कोण देणार? राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झालेल्या या कलावतीची शेवटची वर्षं हलाखीत गेली. १५ जानेवारी २००२ ला त्या वारल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. त्यांची मुलगी मंगला बनसोडे यांनीही स्वतःचा फड उभा केला.

नारायणगावला जायचं, तर गुढीपाडव्याच्या सुमारास जा. फडमालकांच्या राहुट्या लागलेल्या असतात, प्रत्येकीवर फडाच्या नावाचा फलक. गावोगावचे पंच येतात, चहा होतो, घासाघीस होते आणि जत्रेच्या तारखेची सुपारी ठरते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणारे कितीतरी जण अशाच गावांतून आलेत. तुमचे आजोबा त्यांतले असतील, तर त्यांना विचारा, त्यांच्या जत्रेला कुणाचा फड यायचा ते. रात्रभर जागून पाहिलेला वग ते तुम्हाला पहिल्यापासून सांगतील.