सायबिणीची बोटं

गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, कोरड्या दिवसांत आकसतं. त्यावरचा खडू-सरसाचा थर मात्र तसा हलत नाही. तो तडकतो आणि जाताना रंग, सोन्याचा वर्ख सगळं घेऊन जातो. चर्चमधल्या जुन्या लाकडी वेद्यांचं मुख्य दुखणं हेच. बाकी वाळवी आणि मेणबत्त्यांची काजळी. शिवाय फेस्ताला मूर्ती उजळ दिसावी म्हणून मायेनं चढवलेले इनॅमलचे थर.

अतिनील दिव्याखाली जुनं वार्निश हिरवट चमकतं, नंतरची रंगरंगोटी काळपट दिसते. मग ती काढायला भिंगाखाली, नखाएवढ्या जागेत स्काल्पेल चालवायचं. काजळीला मी आधी लाळच लावून पाहतो, कापसाच्या बोळ्यावर. तिच्यातली एन्झाइम्स मळ सोडवतात आणि ती सौम्य असते. वर्ख झिजून खालची तांबडी माती दिसत असेल, तर ती मी झाकत नाही. इतक्या पिढ्यांचा स्पर्श आहे तो.

रोमच्या पुनर्स्थापन संस्थेत (स्थापना १९३९) चेझारे ब्रांदी संचालक असताना एक रीत घडली : रंग उडालेली जागा बारीक उभ्या रेघांनी भरायची. लांबून चित्र अखंड दिसतं, जवळ गेलं की नवा हात ओळखू येतो. भिंतीवरच्या, फळीवरच्या चित्रांना मी ती कसोशीनं पाळतो.

पण मिरवणुकीत निघणाऱ्या सायबिणीचं, मरियमच्या मूर्तीचं, काय? जुन्या गोव्यात सांता मोनिकातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात बोटं तुटलेली मूर्ती तशीच असावी, तिथे ती इतिहास सांगते. गावच्या वेदीवर बायका तिच्या हातात रोझरी अडकवतात, त्या हाताचं चुंबन घेतात. तो हात थोटा ठेवणं मला जमत नाही. मी लाकडाची बोटं कोरतो आणि सरसानं बसवतो. ऊब आणि ओल दिली की ती पुन्हा सुटतात. चेहऱ्याला मात्र नवं नाक-डोळे देत नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. आजीनं ज्या चेहऱ्यापुढे लादीनची प्रार्थना म्हटली, तोच नातीला दिसायला हवा.

माझ्या मनातली मरियम रंगवायची तर त्यासाठी कोरी फळी आहे. तशी रंगवण्याचं बळ मला आंजेलो द फोन्सेका यांच्याकडून मिळालं. १९०२ साली गोव्यातल्या सांत इस्तेवला जन्मलेले, अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकलेले हे चित्रकार; त्यांनी मरियमला साडी नेसवली, तेव्हा गोव्यात अनेकांना ते रुचलं नाही. पुण्यात शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून ते रंगवत राहिले. १९६७ मध्ये गेले. त्यांची बरीच चित्रं आता पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात आहेत. नव्या मुलांना कामावर घेतलं की स्काल्पेल हातात देण्याआधी मी त्यांना तिथे नेतो.