मागचे पाय गेलेला ससा : आषाढातली नोंद



या पेजवर आपण ऊस, कांदा आणि गोठ्याच्या नोंदी लिहितो. आज सशाची लिहितोय. गावात आणि पाहुण्यांत मिळून तिघांनी मला एकच विचारलं, "ससा मागचे पाय ओढतोय, काय करायचं?" प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

आमचा भुऱ्या साधारण सहा वर्षांचा. पहिली तीन वर्षं शहरातल्या एका फ्लॅटमध्ये, जाळीच्या पिंजऱ्यात गेली. त्या घरच्यांची बदली झाली आणि आमच्या धाकटीने त्याला इकडं आणलं. फाल्गुनात तो ओट्यावर उडी मारेनासा झाला. मग शहाबादी फरशीवर मागचे पाय फाकायला लागले. चैत्र संपेपर्यंत पुढच्या पायांवर अंग ओढत चालू लागला. खाणं मात्र चालू होतं.

आधी एक समजून घ्या. पाय जाणं हे लक्षण आहे, आजार वेगवेगळे असतात.

पाय एकाएकी गेले तर मणका मोडल्याची शंका पहिली. सशाचा सगळा सांगाडा वजनाच्या 7-8 टक्केच असतो, मांजराचा 12-13 टक्के. हाडं हलकी आणि मागच्या पायांत ताकद दांडगी. धरल्यावर घाबरून लाथ झाडली की स्वतःच्याच झटक्याने कमरेचा मणका मोडतो. म्हणून उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. कान धरून कधीच उचलू नका.

दुसरं कारण, एन्सेफॅलिटोझून नावाचा सूक्ष्म परजीवी. सशाच्या लघवीतून पसरतो, मेंदू आणि मूत्रपिंडात बसतो. कुणाची मान वाकडी होते, कुणाचे मागचे पाय लुळे पडतात. यावर औषध आहे, पण ते काही आठवडे चालतं. तिसरं, जाळीवर बसून तळपायाला पडलेल्या जखमा. आणि चौथं म्हणजे वय. सांधे झिजतात, मणके आखडतात.

आमच्या गावचे डॉक्टर गाई-म्हशींचे. त्यांनी सरळ सांगितलं, "एक्स-रेशिवाय बोलणं बरोबर नाही." मग शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. फोटोत कमरेच्या मणक्यांच्या कडांना हाडाच्या चोची वाढलेल्या दिसल्या. मांडीचं हाडही पातळ. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात बसून राहिलेल्या सशाचं हाड असं होतं. डॉक्टर म्हणाले, "हे मागं फिरणार नाही. दुखणं कमी करता येईल. बाकीचं रोजच्या निगेवर."

घरी आल्यावर ज्याने त्याने एकच सांगितलं, कॅल्शियम पाजा. आपल्याला गोठ्यातली सवय. व्यायलेली गाय खाली बसली, डॉक्टरने शिरेतून कॅल्शियम दिलं, की बऱ्याचदा तासाभरात उठते. सशाचं गणित निराळं आहे. तो खाण्यातलं कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषून घेतो आणि उरलेलं लघवीतून टाकतो. म्हणून सशाची लघवी कधीकधी चुन्यासारखी पांढरी दिसते. वरून कॅल्शियम पाजलं तर मूत्राशयात गाळ साठतो. त्यात मागचा भाग लुळा असलेल्या सशाची लघवी आधीच नीट होत नाही. म्हणून लसूणघास आम्ही बंद केला. मुख्य खाणं वाळलेलं गवत, सोबत हरळी, थोडी कोथिंबीर. खुराक चिमूटभर, कारण वजन वाढलं की त्याच पायांवर येतं. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास. दुपारचं ऊन नाही, सशाला घाम येत नाही, तो तापतो.

आता निगा. लुळे पाय सशाला सहसा मारत नाहीत. मारते ती ओल, माशी आणि थांबलेलं पोट.

ससा पहाटेच्या सुमाराला मऊ लेंड्या टाकतो आणि त्या थेट तोंडाने उचलून खातो. त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. पाठ वाकत नसली की त्या केसांना चिकटतात, वर लघवीची ओल. पावसाळ्यात त्या वासावर माशी बसते, अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. शेळीच्या जखमेत किडे पडलेले आपण पाहिलेत, सशाला तेवढा वेळही मिळत नाही. म्हणून दिवसातून दोनदा उलटा करून बघायचं. ओल्या कोमट फडक्याने पुसायचं आणि पूर्ण कोरडं करायचं. आंघोळ घालायची नाही, धसक्याने दगावतो. ढुंगणाचे केस बारीक कापून ठेवायचे.

आणि हे लक्षात ठेवा : फिप्रोनिलचा फवारा सशाला विष आहे. कुत्र्याच्या गोचिडाला चालतो म्हणून सशावर मारू नका. तोंडावाटे अमॉक्सिसिलिनही नको, आतड्यातले उपयोगी जंतू मरून ससा जातो.

बसायला गोठ्यातल्या रबर मॅटचा तुकडा, त्यावर जुनी गोधडी. मॅटमुळे पाय सरकत नाहीत. गोधडी रोज बदलायची. बसलेल्या गाईची कूस बदलतो तशीच याची बदलायची, नाहीतर एकाच अंगाला जखम होते. पाणी पसरट वाटीत. दुखण्यासाठी डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम दिलंय, वजनाप्रमाणे मोजून. आपल्या गोळ्या द्यायच्या नाहीत. बारा तास काही खाल्लं नाही तर सकाळची वाट न बघता डॉक्टरला फोन.

शेजारचे आबा म्हणाले, "तीनशे रुपयांचं जनावर, आणि तू गाडी काढून शिरवळला?" मी म्हटलं, "आबा, तुमचा सर्जा थकल्यावर तुम्ही त्याला बाजार दाखवला नाहीत." आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बांधावरची हरळी घेऊन आले.

अवघड प्रश्न धाकटीचा होता. "पप्पा, त्याला त्रास होत असेल तर आपण आपल्यासाठी त्याला ठेवतोय का?" याला अंदाजाने उत्तर देता येत नाही. म्हणून वही घातली. रोज लिहायचं : किती खाल्लं, लेंड्या किती आणि केवढ्या, लघवी झाली का, दात करकर वाजवतो का, हाक मारल्यावर कान वळतो का. दर रविवारी वजन. दात करकरणं आणि अंग चोरून कोपऱ्यात बसणं ही सशाच्या दुखण्याची खूण. तो ओरडत नाही, त्यामुळे नोंद नसली तर कळतच नाही.

आमचं ठरलंय. औषध चालू असूनही खाणं सुटलं आणि कान वळायचे थांबले, तर डॉक्टरांना शेवटचं इंजेक्शन द्यायला सांगायचं. निर्णय धाकटीसमोर, तिला विचारून. आत्ताच ठरवलं, कारण त्या दिवशी कुणालाच सुचणार नाही.

आजची नोंद : वजन 1 किलो 900 ग्रॅम, गेल्या रविवारी तेवढंच. हरळी संपवली. लेंड्या गोल, कोरड्या. अंगाखाली ओल नाही. हाक मारल्यावर डावा कान वळला.

तुमच्याकडे असा ससा असेल तर तो चालतानाचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, पाय कधीपासून आणि कसे गेले ते तारखेसह लिहा, आणि मग डॉक्टरकडे जा. निम्मं निदान त्यातच होतं.