केंब्रिजची ‘कोमट’ बिअर

बिअर म्हणजे एकदम चिल्ड, हा आपला फंडा केंब्रिजच्या जीझस ग्रीनवरच्या तंबूत पहिल्याच घोटाला बाद! इथली रिअल एल साधारण १२ डिग्रीला देतात. फ्रिजची नाही, तळघराची थंडी.

हा बिअर फेस्टिव्हल १९७४ मध्ये सुरू झाला. भरतो मे महिन्यात. दारात डिपॉझिट भरून ग्लास घ्यायचा. त्यावर पाइंट, अर्धा आणि एक तृतीयांशाची रेघ. तृतीयांशच घ्या बॉस, चाखायला खूप आहे! मी घेतली माइल्ड. गडद, हलकी, भाजलेल्या पावाच्या कडेसारखी चव. मग आयपीए, जिचे पूर्वज पिंपांतून जहाजाने मुंबईला यायचे.

रिअल एलच्या पिंपात यीस्ट जिवंत असतं, बिअर तिथेच मुरते. बाहेरून गॅस भरायचा नाही. पिंप एकदा उघडलं की काही दिवसांत संपवायचं, नाहीतर बिअर आंबली! मोठ्या कंपन्यांना ही कटकट नकोच होती. म्हणून १९७१ मध्ये चार मित्रांनी ‘कॅमरा’ ही चळवळ काढली. इथे ग्लास भरणारेही तिचेच, बिनपगारी.

दुसऱ्या फेरीला गेलो तर माइल्ड संपलेली. माझा चेहरा पडला. काउंटरवरचे आजोबा मात्र जाम खूश. फेकायला एक थेंब उरला नव्हता ना!