तुटलेला स्टड

बोल्ट तुटताना मोठा आवाज होईल असं आपण धरून चालतो. तसं काही होत नाही. जाम झालेला नट आधी पान्याला दादच देत नाही, मग जरा कुरकुरतो आणि एकदम हलका होतो. सुटला म्हणून जीव भांड्यात पडतो. गोटी बाहेर काढावी, तर तिच्यात नटासकट स्टडचा तुकडा. उरलेला स्टड इंजिनाच्या हेडमध्येच.

आमची मारुती ८०० सगळं आयुष्य रत्नागिरीत राहिली. चार महिने पाऊस, उरलेले महिने खारा वारा. इकडे गाडीचा पत्रा आधी जातो म्हणतात. माझ्या मते त्याच्याही आधी बोल्ट जातात, फक्त ते दिसत नाहीत. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की फटफट आवाज यायचा आणि गाडी तापली की तो कमी व्हायचा. म्हणजे सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलेलं. काम फार अवघड नाही, म्हणून घरीच काढलं.

मॅनिफोल्डचे स्टड तुटतात, याचं नवल नाही. रोज भाजायचं, रोज गार व्हायचं, त्यात हेड ॲल्युमिनियमचं आणि स्टड पोलादाचा. हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून बसले की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते आणि आटे धरून ठेवते. वरून डब्ल्यूडी-४० मारून लगेच पाना लावण्यात अर्थ नसतो. अमेरिकेत १९५३ साली ते बनलं ते मुळात पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. जाम आट्यांसाठी खास मिळणारं तेल आदल्या रात्री सोडलं, तर थोडीफार आशा. मी सोडलं होतं. तरी दोन तुटले.

पहिल्याचं शेपूट हेडच्या बाहेर होतं. अशा वेळी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘इझी आऊट’ आणायचा मोह होतो. नावात इझी असलं तरी त्याच्यावर माझा भरवसा नाही. तुटक्या स्टडला भोक पाडून हा उलट्या पिळाचा निमुळता दांडा त्यात घुसवायचा आणि फिरवायचा. पण तो घुसताना स्टडला आतून फुगवतो, म्हणजे जाम असलेला आणखी जाम. शिवाय तो कडक असतो, वाकत नाही, सरळ मोडतो. आणि मोडलेल्या इझी आऊटला साधा ड्रिल बिट ओरखडासुद्धा काढत नाही. मग हेड उतरवून वर्कशॉपला न्यायचं.

त्यापेक्षा वेल्डिंगवाल्याला बोलावलेलं परवडतं. आमच्याकडचा मशीन घेऊन घरी आला, बॉनेटखाली वाकला आणि पहिलाच प्रश्न केला, “काका, ड्रिल मारलंत काय?”

“नाही रे.”

“मग झालंच समजा.”

शेपटावर एक मोठा नट बसवून त्याने मधल्या भोकात वेल्डिंग भरलं. ॲल्युमिनियमला पोलादाचं वेल्डिंग धरत नाही, त्यामुळे हेडची भीती कमी. नट लालभडक झाला. लाली उतरेपर्यंत तो बिडी ओढत थांबला, मग पाना लावून पाव फेरा मागे, थोडा पुढे, परत मागे. पुढे फिरवणं उलट वाटतं, पण त्यानेच आट्यातली घाण मोकळी होते. पांढरी भुकटी सांडली आणि स्टड फिरत बाहेर आला. तापलेलं पोलाद आधी फुगतं, गार होताना आकसतं. त्या हालचालीत धरलेला गंज सुटतो. नट वेल्ड केल्याने एकाच वेळी ताप मिळतो आणि धरायला जागाही, म्हणून हा उपाय मला सगळ्यांत सरस वाटतो.

दुसरा स्टड मात्र हेडच्या पातळीतच तुटला होता, नट बसवायला काही नव्हतं. तिथे ड्रिलच. आधी कानशीने तोंड सपाट केलं, कारण उंचसखल तोंडावर बिट घसरतो आणि मऊ ॲल्युमिनियमकडे पळतो. नेमक्या मध्यावर सेंटर पंच, मग बारीक बिट, कमी वेग, थेंब थेंब तेल. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून उलट्या धारेचा बिट मागवून ठेवला होता. तो सोडवण्याच्याच दिशेने फिरतो, त्यामुळे कधीकधी भोक पडता पडता स्टड आपोआप सुटून येतो. माझा आला नाही. ८ मिलिमीटरचा स्टड पोखरत साडेसहापर्यंत नेला, तेव्हा कडेला पातळ सालपट उरलं. ते चिमट्याने ओढून काढलं आणि ८ बाय सव्वाचा टॅप हाताने फिरवून आटे साफ केले.

आता नवे स्टड बसवलेत, आट्यांना तांब्याचं ग्रीस लावून. ग्रीस लावलं की पान्याचा जोर जरा कमी ठेवावा लागतो, नाहीतर तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. तुमच्याकडे असा प्रसंग आला, तर स्टडचं शेपूट बाहेर आहे तोवर ड्रिलला हात लावू नका. आणि वेल्डिंगवाला मशीन सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर आठवणीने काढून ठेवा.