पाच मिलिव्होल्टांची राखण

रेकॉर्डच्या खाचेतून धावणारी सुई जी वीज निर्माण करते, ती जेमतेम 5 मिलिव्होल्ट. सीडी प्लेअरमधून साधारण 2 व्होल्ट निघतात, म्हणजे चारशे पट. बरं, हे 5 मिलिव्होल्टही सरळ नसतात. खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरले तर खाच इतकी नागमोडी होईल की शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि वरचे स्वर चढवतात. 1954 साली अमेरिकेतल्या आरआयएए या संघटनेने त्यासाठी एक प्रमाण ठरवून दिलं आणि पुढे ते जगभर रूढ झालं. ऐकताना नेमकं उलट करावं लागतं : 20 किलोहर्ट्झच्या तुलनेत 20 हर्ट्झ सुमारे नव्वद पट जास्त वाढवायचे. हे काम करणाऱ्या डब्याला फोनो प्रीअँप म्हणतात.

प्रस्तुत लेखकाच्या पुण्यातल्या घरी गेली अनेक वर्षं हे काम तीन व्हॉल्व्ह करताहेत. तिन्ही ईसीसी 83 जातीचे. अमेरिकन नाव 12एएक्स7. एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे एकूण सहा : तीन डाव्या बाजूला, तीन उजव्या. पहिले दोन आवाज वाढवतात. तिसरा काही वाढवत नाही, तो फक्त पुढच्या अँप्लिफायरपर्यंतची लांब वायर दमदारपणे पेलतो. मांडणी नवी नाही. 1958 च्या मरांट्झ 7 या नावाजलेल्या प्रीअँपचा फोनो विभागही तीन ईसीसी 83 वरच चालायचा.

डबा सेकंडहँड. तो घरी आला तेव्हा जाणकार मित्रमंडळींनी सल्ले दिले, तेही सगळे व्हॉल्व्हबद्दलच. एक म्हणाला, टेलिफुंकन बसव. दुसरा म्हणाला, ब्लॅकबर्नच्या कारखान्यातला मुलार्ड मिळाला तर सोडू नकोस. तिसऱ्याने बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचं नाव घेतलं. या सरकारी कंपनीने 1961 साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली होती, आणि जुन्या रेडिओ मेकॅनिकांच्या खणांत तिचा माल अजून अधूनमधून सापडतो. टेलिफुंकनच्या बाबतीत एक सोय आहे. काचेवरचा छापील शिक्का कुणीही पुसून नवा मारू शकतो, पण जर्मन कारखान्याने व्हॉल्व्हच्या बुडाशी, पिनांच्या मधोमध, काचेतच उमटवलेली चौकट शाईने बनवता येत नाही. हे माहीत असलं की बाजारातले निम्मे मोह आपोआप गळतात.

लेखकाने व्हॉल्व्ह बदलून पाहिले. फरक पडतो. पण डब्याचं आयुष्य ठरतं ते दुसऱ्याच, बहुतेक वेळा स्वस्त, वस्तूंवर. हे लक्षात आणून दिलं एका घरघरीने.

ती केव्हा सुरू झाली ते सांगणं अवघड, कारण घरात वाजतं ते बहुतांशी शास्त्रीय संगीत. भीमसेन जोशींच्या एलपीची एक बाजू म्हणजे वीसेक मिनिटांचा एकच राग, मधे कुठे शांतता नाही, आणि सगळीकडे तानपुरा भरून राहिलेला. मंद घरघर त्यात बेमालूम मिसळून जाते. नाट्यगीतांची रेकॉर्ड लावली, दोन पदांमधल्या कोऱ्या पट्टीवर सुई आली, तेव्हा ती उघडी पडली. सुई उचलून धरली तरी आवाज चालूच, म्हणजे टर्नटेबल सुटलं. पहिला संशय अर्थातच व्हॉल्व्हवर.

बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या बाजूला, एक वयस्कर रेडिओ मेकॅनिक बसत. त्यांनी डबा उघडण्याआधी विचारलं, “घरघर जाडी आहे की बारीक?” लेखकाला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. घरघर 50 ची असेल तर ती बाहेरून शिरते : अर्थिंगचा घोळ, शेजारी ठेवलेला ट्रान्सफॉर्मर, सैल झालेली कार्ट्रिजची वायर. ती 100 ची, जरा वरच्या पट्टीतली असेल, तर पॉवर सप्लायमध्येच गडबड आहे, कारण डीसी करताना वीजलहरीचे दोन्ही अर्धे एका दिशेला वळवले जातात आणि 50 चे 100 होतात. ते सपाट करण्याचं काम मोठ्या कंडेन्सरांचं. “अहो, व्हॉल्व्हला कशाला बोल लावता? आधी कंडेन्सर बघा,” काका म्हणाले.

फोनो प्रीअँप या बाबतीत इतर यंत्रांपेक्षा नाजूक का, याचं उत्तर पुन्हा त्या आरआयएएच्या प्रमाणातच आहे. मधल्या स्वरांच्या तुलनेत 50 हर्ट्झ सातपट वाढतात आणि 100 हर्ट्झ सुमारे साडेचारपट. संगीताचा खर्ज परत मिळावा म्हणून केलेली ही तरतूद घरघरीलाही तितक्याच उदारपणे पोसते.

कंडेन्सर खरोखरच सुकले होते. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आत ओलसर रसायन असतं. उष्णतेने ते वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातं. ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. वेष्टनावर 85 अंशांना 2000 तास असं लिहिलेला कंडेन्सर 65 अंशांत 8000 तास टिकावा. 105 अंशांचा घेतला तर तेच 32000 तास होतात. पुण्याचा मे महिना, त्यात बंद डबा, आत तीन तापलेले व्हॉल्व्ह, त्यामुळे 65 अंश ही काही अतिशयोक्ती नाही. किमतीत फरक थोड्या रुपयांचा. काकांनी 105 वाले बसवले, झाकणाला भोकं नव्हती ती पाडायला सांगितली, आणि डब्यावर रेकॉर्डची पाकिटं रचून ठेवायची घरातली सवय बंद करवली.

त्यांच्याकडूनच उघड्या डब्याशी वागायची शिस्त लेखकाने उचलली. प्लग काढल्यावरही या कंडेन्सरांत 300 व्होल्टच्या आसपासचा साठा राहू शकतो. म्हणून आधी प्लग, मग थांबणं, मग मल्टिमीटरने दाब मोजणं, तो उरला असेल तर रेझिस्टर लावून उतरवणं, आणि पुन्हा मोजणं. डबा चालू ठेवून काही मोजायची वेळ आलीच तर डावा हात पाठीमागे, म्हणजे विजेला छातीतून जायला वाट मिळत नाही.

मल्टिमीटरने पुढे आणखी एक गोष्ट दाखवली. डबा युरोपातून आलेला, आतला ट्रान्सफॉर्मर 220 व्होल्टच्या टोकाला जोडलेला. घरच्या प्लगमध्ये रात्री उशिरा 242 व्होल्ट दिसले. म्हणजे आतला प्रत्येक दाब दहा टक्के जास्त. व्हॉल्व्हच्या तारेला 6.3 व्होल्ट हवेत, तिथे 6.9 मिळत होते. मुभेच्या अगदी कडेवर. वरच्या दाबाचीही तीच गत, आणि डबा सुरू करतानाचे पहिले काही क्षण तर आणखी वाईट, कारण व्हॉल्व्ह तापेपर्यंत वीज ओढणारं कुणी नसतं आणि कंडेन्सरवरचा दाब चढत जातो. ट्रान्सफॉर्मरला 240 चं टोकही होतं. एक वायर सोडवून तिथे डाग दिला, आकडा 6.35 वर आला. या कामाला पैसे पडले नाहीत आणि आजवरच्या सगळ्या दुरुस्त्यांत कंडेन्सर-व्हॉल्व्ह दोघांच्याही आयुष्याला यानेच सर्वांत जास्त हातभार लावला असणार.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. हवेत दमटपणा आला की डाव्या स्पीकरमधून चटचट ऐकू येई, कधी ती बाजू बसून जाई आणि डब्यावर टिचकी मारली की परत येई. व्हॉल्व्हच्या नऊ पिना ज्या सॉकेटमध्ये बसतात, त्याच्या चिमट्यांवर काळपट थर धरला होता. काँटॅक्ट क्लीनर, दातांच्या फटी साफ करायचा बारीक ब्रश, आणि सैल चिमटे सुईने किंचित आत दाबणं, एवढ्यावर काम भागलं. मागच्या आरसीए सॉकेटांनाही तेच औषध.

व्हॉल्व्ह खरोखर बिघडतो तेव्हा तो आपली ओळख पटवतो. त्याच्या आतली जाळी सैल झाली की तो मायक्रोफोनसारखा वागतो : पेन्सिलीच्या रबराने काचेवर हलकेच टकटक केली की स्पीकरमधून टणत्कार येतो, कुणी खोलीत जोरात चाललं तरी ऐकू येतं. पहिल्या जागेवर हा दोष जीवघेणा, कारण तिथे जे शिरेल ते पुढचे टप्पे वाढवत नेतात. तोच व्हॉल्व्ह तिसऱ्या जागेवर निमूट चालतो. लेखकाचा जुना पहिला व्हॉल्व्ह असाच तिसऱ्या खुर्चीत बसवला आहे आणि अजून तक्रार नाही. टाकून देण्याआधी जागा बदलून पाहण्याची ही युक्ती मार्च 2022 मध्ये फारच उपयोगी पडली. रशियाने निर्यात रोखल्याची बातमी आली, सारातोव्हचा कारखाना हा जगातल्या मोजक्या उरलेल्या व्हॉल्व्ह कारखान्यांपैकी एक, त्यामुळे भाव एकदम भडकले. लेखकाने तेव्हा स्लोव्हाकियातल्या चाट्सा गावी बनणारे जेजे कंपनीचे दोन ईसीसी 83 घेऊन ठेवले.

ते अजून खोक्यातच आहेत.

एक मित्र दर भेटीत विचारतो की हा उपद्व्याप कशासाठी. एनई5532 ही थोड्या रुपयांची आयसी वापरून बनवलेला फोनो घरघर आणि सूक्ष्म खरखर या दोन्हींत सरस ठरेल, वीजही नगण्य खाईल. आकड्यांपुरतं मित्राचं बरोबर आहे. लेखकाची बाजू एवढीच की या डब्याचा सगळा नकाशा एका कागदावर मावतो, प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि साध्या सोल्डरिंग आयर्नने बदलता येतो. त्या कागदावर प्रत्येक टोकाचा दाब पेन्सिलीने लिहिलेला आहे, शेजारी मोजल्याची तारीख. पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर दीडशेच्या वर व्होल्ट असतात. मधला छोटा कंडेन्सर ते अडवतो आणि फक्त संगीत पुढे सोडतो. तो गळू लागला तर पुढच्या ग्रिडवर शून्याऐवजी काहीतरी दिसू लागतं. उजव्या बाजूला शून्य आहे. डाव्या बाजूला गेल्या मोजणीत 0.2 व्होल्ट निघाले, आधी तिथेही शून्यच होतं. कानाला अजून काही कळत नाही, पण 0.1 मायक्रोफॅरडचे दोन पॉलिप्रोपिलीन कंडेन्सर आणून ठेवले आहेत. पाऊस सरला की पुन्हा मोजायचं, आणि आकडा वाढलेला दिसला तर दोन्ही बाजू एकदमच बदलायच्या.