माशी वाकडी दिसते

मराठी विभागासाठी लेख दे, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. मराठीच्या तासालासुद्धा "मिस, मे आय कम इन" म्हणणारी आमची जमात! "ळ" लिहिताना माझा हात अजूनही एक वळसा जास्त घेतो. पण आयुष्यात ज्या एका विषयावर मी सर्वांत जास्त मराठी बोलले आहे, त्यावर लिहायचं ठरवलं. तो विषय म्हणजे बंदुकीची माशी. हसू नका, वाचा.

आईचे मामा, म्हणजे माझे मामाआजोबा, १९७४ साली मेकॅनिकलची डिग्री घेऊन अमेरिकेत पेनसिल्वेनियाला गेले. एका पोलाद कारखान्यात नोकरी केली, तिथेच रिटायर झाले. त्यांचं मराठी १९७४ साली जिथे होतं तिथेच थांबलंय. मी "ट्रिगर" म्हटलं की ते "चाप म्हण गं" म्हणून दटावतात. बंदुकीच्या पुढच्या टोकाला नेम धरण्यासाठी जो उंचवटा असतो ती माशी, हा शब्दही त्यांचाच. राजापूरकडच्या त्यांच्या घरी रानडुकरांपासून शेत राखायला ठासणीची परवानावाली बंदूक होती, तिथून तो आला. आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना माशी म्हणजे मेसच्या वरणात सापडते ती.

तिकडे शेजारी राहणाऱ्या कारखान्यातल्याच एका वेल्डरने त्यांना हरणाच्या शिकारीला नेलं आणि आजोबांना नाद लागला. १९८१ साली त्यांनी स्वतःची रायफल घेतली, मार्लिन ३३६. चापाभोवतीचं लोखंडी कडं खाली ओढून वर केलं की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवीन आत जातं. काउबॉयच्या सिनेमात असते तशी, लिव्हर-ॲक्शन. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे आमच्या घरात हा विषय निघाला की आई उठून स्वयंपाकघरात जाते. तिथे हरणं उदंड आहेत, राज्य सरकार परवाने देतं, आणि मारलेलं हरीण वर्षभर फ्रीझरमधून खाल्लं जातं. मला स्वतःला शिकार आवडत नाही. हे आजोबांना माहीत आहे, आणि त्यावरून आमचं एकदा कडाक्याचं भांडणही झालंय. ते जाऊ दे.

२०२४च्या ऑगस्टमध्ये एका रात्री अकराला त्यांचा व्हिडिओ कॉल आला. आमच्या हॉस्टेलमध्ये रेंज फक्त गच्चीवर, टाकीच्या उत्तर बाजूला येते, हे राहणाऱ्यांना माहीत आहेच. आजोबा म्हणाले, "बाळ, मला नेम दिसत नाही. तू इंजिनिअर आहेस, शिवाय एनसीसीत गोळ्या झाडल्यास. मला रायफलला नवीन साईट निवडून दे." एनसीसीत मी एकूण पाच गोळ्या झाडल्या होत्या, त्यातल्या दोन शेजारणीच्या टार्गेटवर गेल्या. पण कोणी इंजिनिअर म्हटलं की अंगावर मूठभर मांस चढतं. मी हो म्हटलं.

प्रश्न सुंदर होता, खरंच. साध्या रायफलला तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात : जवळची खाच, नळीच्या टोकाची माशी आणि लांबचं लक्ष्य. डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करू शकतो. तरुणपणी डोळ्यातलं भिंग इतक्या झटपट आकार बदलतं की तिन्ही एकदम दिसल्यासारखं वाटतं. चाळिशी ओलांडली की ते भिंग ताठर होतं. आजोबांचं तर २०१९मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दोन्ही डोळ्यांत लांबचं दिसेल अशी कृत्रिम भिंगं बसवलेली. म्हणजे फिक्स्ड फोकसचा कॅमेराच. मी त्यांना टेपने मोजायला सांगितलं. डोळ्यापासून खाच ५० सेंटिमीटर, माशी ९० सेंटिमीटर. एक भागिले ०.५ म्हणजे २ डायॉप्टर, एक भागिले ०.९ म्हणजे साधारण १.१. एवढी पॉवर त्यांचा डोळा आता आणू शकत नव्हता. माशी धूसर आणि खाच त्याहून धूसर. दोन ओळींत उत्तर! सेकंड इयरला फिजिक्समध्ये काठावर पास झालेल्या मुलीला किती आनंद झाला असेल, विचार करा.

पहिला उपाय स्वस्तातला. लांबच्या चष्म्यात अर्धा-पाऊण प्लस वाढवायचा, म्हणजे फोकस किंचित अलीकडे येतो. माशी बरी दिसते आणि लक्ष्य थोडंसंच बिघडतं. त्यांनी तो करून पाहिला. खाच काही सुधारली नाही.

दुसरा, रेड डॉट. यात काचेवर लाल ठिपका दिसतो, पण भिंगाच्या करामतीमुळे तो डोळ्याला खूप लांब असल्यासारखा वाटतो. फक्त लक्ष्याकडे बघायचं. ही कल्पना नवी नाही, दुर्बिणी बनवणाऱ्या हॉवर्ड ग्रब नावाच्या आयरिश माणसाने १९०० साली काढलेली. शेजाऱ्याच्या मुलीकडे एक होता, तो लावून पाहिला, तर आजोबांना ठिपक्याऐवजी द्राक्षाचा घड दिसला. मी फोनचा कॅमेरा त्यातून धरायला सांगितला. फोनमध्ये ठिपका गोल! म्हणजे दोष डोळ्यात, ॲस्टिग्मॅटिझमचा. हा निष्कर्ष काढल्यावर मी गच्चीवर एकटीच टाळी वाजवली. दोष डोळ्यात, हे वाक्य मी तेव्हा किती सहज बोलून गेले.

तिसरी दुर्बीण. सगळ्या हिशोबांनी हीच बरोबर होती. मागची कडी फिरवून आपल्या डोळ्याप्रमाणे फोकस करता येतं, आणि नेमाची रेघ व लक्ष्य एकाच पातळीत येतात. शेजाऱ्याकडच्या जुन्या विंचेस्टर ९४मधून रिकामं काडतूस वरच्या बाजूने उडतं, तिच्यावर दुर्बीण बसवणं कटकटीचं. मार्लिन ते उजवीकडून फेकते, तिची पाठ बंद आणि सपाट, म्हणून प्रश्नच नव्हता. मी १ ते ४ पटींची, २० मिलिमीटरची सुचवली. चार पटींना बाहेर येणारा प्रकाशाचा झोत २० भागिले ४ म्हणजे ५ मिलिमीटर. म्हाताऱ्या माणसाची बाहुली अंधारातही साधारण तेवढीच उघडते, उजेड वाया जात नाही. एवढा अभ्यास मी युनिट टेस्टचा केला असता तर! आजोबांनी सरळ नकार दिला. म्हणाले, "ही रायफल मधोमध मुठीत धरून चालायची असते. तिथेच नळकांडं बसवलं तर धरू कुठे?" डिझाइनच्या पुस्तकात हा मुद्दा नसतो, पण त्यांच्या हाताला तो त्रेचाळीस वर्षं माहीत होता.

राहिली पीप साईट. खाचेऐवजी डोळ्याजवळ एक बारीक भोक. विल्यम लायमनने १८७९ साली अशा साईटचं पेटंट घेतलं होतं. भोकातून पाहिलं की डोळ्यात येणारा झोत बारीक होतो, आणि झोत निम्मा झाला की धूसरपणाही निम्मा. चष्मा नसताना तर्जनी आणि अंगठ्याच्या फटीतून फळा वाचून बघा, तोच प्रकार. शिवाय भोक स्वतः धूसर दिसलं तरी चालतं, डोळा आपोआप मध्य गाठतो. तिनाच्या दोन गोष्टी झाल्या! तोटा एकच, उजेड कमी होतो, आणि हरणं तर पहाटे-संध्याकाळी येतात. त्यासाठी बारीक भोकाची चकती काढून मोठं भोक ठेवता येतं. रायफलला स्क्रूची भोकं आधीपासून होती. सप्टेंबरच्या शेवटी पीप बसली, सोबत पांढऱ्या रेघेची नवी उभी माशी. मी मेसमध्ये सगळ्यांना जिलेबी दिली. का ते कोणालाच कळलं नाही, पण जिलेबीला कारण कोण विचारतो.

आठवड्याभरात कॉल आला. "बाळ, माशी वाकडी आहे."

मी फोटो मागवला. फोटोत माशी सरळ. "मला मधे पोट आल्यासारखी दिसते," आजोबा म्हणाले. "आणि पलीकडचा विजेचा खांबसुद्धा." मी म्हटलं, गोळ्या झाडून नळी तापली असेल, तिच्यावरची गरम हवा थरथरते. थंड नळीने बघा. थंड नळीनेही वाकडी. मग म्हटलं चष्मा तिरका बसला असेल. मग म्हटलं भोकाच्या कडेला प्रकाश वळतो त्याचा परिणाम असेल, मी वाचून सांगते. तेवढ्यात जर्नल सबमिशन आलं, ओरल आल्या. त्यांनी मधे दोनदा मेसेज केला. मी "चालू आहे, आजोबा" एवढंच उत्तर टाकलं.

एकोणीस दिवस. मी नंतर कॅलेंडरवर मोजले.

विसाव्या दिवशी माझाच चष्मा तुटला म्हणून गावातल्या चष्म्याच्या दुकानात गेले. भिंतीवर चौकटींचा एक तक्ता होता, ग्राफ पेपरसारखा, मधे काळा ठिपका. खाली लिहिलं होतं : एक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहा, रेघा वाकड्या किंवा तुटक दिसल्यास डोळ्यांच्या डॉक्टरांना ताबडतोब भेटा. मी दुकानदाराला विचारलं, हे कशासाठी? तो म्हणाला, "पडद्यासाठी. म्हाताऱ्या माणसांचा मधला पडदा खराब होतो ना, त्यासाठी." मग त्याने माझी तपासणी करताना डोळ्यासमोर बारीक भोकाची काळी चकती धरली. "यातून स्पष्ट दिसलं तर नुसता नंबर वाढलाय. यातूनही नाही दिसलं तर दोष नंबरचा नाही, मागे आहे."

मला तिथे उभं राहवेना. अख्खा महिना खपून मी आजोबांच्या डोळ्यासमोर तीच चकती बसवली होती. त्यांनी तिच्यातून पाहून मला निकालही सांगितला होता. आणि मी त्यांना गरम हवेचं शास्त्र शिकवत होते.

रात्री अडीच वाजता कॉल लावला, त्यांचे संध्याकाळचे पाच. साईट वगैरे काही बोलले नाही. डावा डोळा झाका, खिडकीची चौकट बघा, म्हटलं. "वाकडी," ते म्हणाले. उजवा झाका. "सरळ." मग मी रडायला लागले आणि तेच मला समजावू लागले.

दोन दिवसांत डॉक्टरांनी पाहिलं. उजवा, म्हणजे नेमाचाच डोळा. पडद्याच्या मधल्या भागाखाली नको तिथे रक्तवाहिन्या वाढून पाझरत होत्या. या प्रकारात नजर भराभर जाऊ शकते, आणि उपाय म्हणजे डोळ्यात इंजेक्शनं, पुन:पुन्हा. इंजेक्शनं सुरू झाली. जे गेलं त्यातलं थोडंसंच परत आलं, उरलेलं सध्या टिकून आहे. एकोणीस दिवसांत किती गेलं, हे मी एकदा विचारलं. "ते मोजायला टेप नाही," असं म्हणून त्यांनी विषय बदलला.

नोव्हेंबरात त्यांनी रायफल डाव्या खांद्याला लावून सराव केला. पन्नास यार्डांवर कागदाला बरी भोकं पाडली. मी उत्साहाने म्हटलं, मग जा की सीझनला! शिकारीवरून भांडलेली मी, मीच असं म्हणत होते. ते म्हणाले, "कागद जखमी होऊन जंगलात पळत नाही गं. आणि हरणामागे कोण उभं आहे ते दिसल्याशिवाय चाप ओढायचा नसतो."

३० नोव्हेंबरला सीझन उघडला. आजोबा नारिंगी जाकीट घालून, रिकाम्या हातांनी, शेजाऱ्याबरोबर पहाटे जाऊन बसले. दुपारी घरी आल्यावर फोन केला. हरीण दिसलं नाही, पण थर्मासातला चहा मस्त होता म्हणे.

मार्लिन त्यांनी रीतसर कागदपत्रं करून शेजाऱ्याच्या मुलीला दिली, ती रेड डॉटवाली. मी विचारलं, पीप काढून जुनी खाच परत बसवली का? तिचे डोळे तरुण आहेत. म्हणाले, "राहू दे. तीस वर्षांनी तिलाही भोक लागेलच. जुनी खाच आणि माशी डबीत घालून दिली आहे."

"आणि तिला माशी सरळ दिसते का?"

"रायफल हातात देण्याआधी तेच विचारलं," आजोबा म्हणाले. "एकेक डोळा झाकून."